‘मला अजून येत नाही’ एवढे म्हणायला शिकवून भागते का?

प्रश्न : वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी (सोलापूर)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी तिसरीचा वर्ग सांभाळते. वर्गात अडतीस मुले आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, सात-आठ घरांत कन्नड बोलली जाते आणि मराठी ही बऱ्याच जणांसाठी शाळेची आणि गल्लीची भाषा आहे. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात कामाला जातात आणि आया घरी विड्या वळतात.

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात ‘ग्रोथ माइंडसेट’ हा विषय पहिल्यांदा ऐकला. बुद्धी जन्मतःच ठरून गेलेली नसते, ती सरावाने, योग्य पद्धतीने आणि इतरांच्या मदतीने वाढते, असे मुलांनी मानले तर ती अवघड कामाला घाबरत नाहीत, असा त्याचा सारांश होता. मला तो मनापासून पटला. यंदा जूनपासून मी वर्गात ‘हुशार’ हा शब्द वापरणे जवळजवळ बंद केले, भिंतीवर ‘मला अजून येत नाही’ असा मोठा तक्ता लावला आणि परिपाठानंतर पाच मिनिटे मुलांनी आज कसे वाटते हे चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून सांगावे, असा नेम ठेवला.

आता अडचणी सांगते. पहिली अशी की, काही मुलांनी ‘बाई, अजून येत नाही’ या वाक्याची ढाल केली आहे. हसत हसत ते म्हणतात आणि वही मिटवून मोकळे होतात. दुसरी अडचण मला अधिक टोचते. वर्गात सर्वांत चांगले वाचणारी एक मुलगी हल्ली हात वर करत नाही आणि गणिताच्या वहीत एखादे उत्तर चुकले की कागद फाटेपर्यंत खोडते. तिसरी गोष्ट पालकसभेत घडली. ‘चूक झाली तर घाबरू नका, चुकीतूनच शिकता येते’ असे मी सांगत असताना एक आई शांतपणे म्हणाली, “बाई, आमची विडी बिघडली तर ती बाजूला काढतात आणि पैसे आमचेच जातात. तुम्ही पोरांना चूक चांगली म्हणून कशाला सांगता?” मला तिथे उत्तर सुचले नाही आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

हा सगळा खटाटोप चालू ठेवावा का, आणि ठेवायचा असल्यास कोणत्या स्वरूपात, याविषयी अनुभवी शिक्षकांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ : अध्यापक विद्यालयातील माजी अधिव्याख्याता

ताई, आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण प्रशिक्षणात ऐकलेले वर्गात करून पाहून मग शंका विचारणारे फार थोडे असतात. या कल्पनेमागचे संशोधन काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी वेगळे करू. आपल्या दोन अडचणींची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

ही संकल्पना अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांची. क्लॉडिया म्युलर यांच्यासह त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये पाचवीच्या मुलांना आधी आकृत्यांची सोपी कोडी दिली होती. ती सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार दिसतोस’ असे म्हटले गेले आणि काहींना ‘तू बरीच मेहनत घेतलेली दिसते’ असे. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यांत सर्वांचीच गाडी अडली. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली तेव्हा हुशारीची स्तुती झालेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतीची स्तुती झालेल्यांची सुधारली. ‘हुशार’ ही पदवी एकदा मिळाली की ती टिकवण्याची चिंता मागे लागते आणि अवघड काम ही पदवी हिरावून घेणारी गोष्ट वाटू लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपली खोडरबरवाली मुलगी नेमकी याच चिंतेत असावी असा माझा कयास आहे. आपण जूनपासून ‘हुशार’ म्हणणे सोडले असेल, पण पहिली-दुसरीत तिला ते शंभरदा ऐकवले गेले असणार, आणि घरी अजूनही ऐकवले जात असणार.

मात्र यापुढचे चित्र तितके लख्ख नाही, आणि प्रशिक्षणांत ते सहसा सांगितले जात नाही. इंग्लंडमध्ये शंभरावर शाळांतील सहावीच्या वर्गांत अशा कार्यक्रमाची रीतसर चाचणी झाली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला आणि भाषा व गणित या दोन्हींत त्या मुलांची इतरांपेक्षा जास्त प्रगती झालेली आढळली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील सुमारे बारा हजार नववीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एक तासापेक्षाही कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी श्रेणीत साधारण ०.१ गुणाची वाढ झाली, आणि जिथे वर्गमित्रांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती तिथे परिणाम अधिक दिसला. म्हणजे कल्पना खोटी नाही, पण ती जादूही नाही. आणि ती मुलाच्या डोक्यात जितकी असते तितकीच त्याच्या आजूबाजूच्या वातावरणात असते. शिवाय हे अभ्यास दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांवरचे आहेत. तिसरीतल्या आठ वर्षांच्या मुलाला ते जसेच्या तसे लावू नयेत.

‘अजून येत नाही’ या ढालीबद्दल. स्वतः ड्वेक यांनी २०१५ मध्ये स्पष्ट लिहिले की नुसत्या प्रयत्नाचे कौतुक करणे हा या कल्पनेचा विपर्यास आहे. मुलाने प्रयत्न केला आणि तो फसला, तर ‘छान प्रयत्न’ म्हणून पुढे जाणे ही मुलाची समजूत काढणे झाले, शिकवणे नव्हे. ‘अजून येत नाही’ या वाक्यानंतर दुसरे वाक्य आलेच पाहिजे : नेमके काय येत नाही, आणि आता कोणती वेगळी रीत करून पाहू. ते दुसरे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला आपणहून सुचणार नाही. सुरुवातीला ते आपणच पुरवावे लागेल.

कौतुकातही हात आखडता ठेवावा. नेदरलँड्समधील मुलांवरील २०१४ च्या एका अभ्यासात असे आढळले की ज्या मुलांचे स्वतःविषयीचे मत मुळात कमी आहे, त्यांचे अवाजवी कौतुक केले तर ती अवघड काम टाळू लागतात. ‘चित्र सुंदर आहे’ आणि ‘चित्र अविश्वसनीय सुंदर आहे’ यांत फरक फक्त एका विशेषणाचा आहे, पण दुसऱ्या वाक्याने पुढच्या चित्राची पट्टी उंच होऊन बसते.

त्या आईच्या प्रश्नाबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. २०१६ च्या एका अभ्यासाचा उल्लेख मात्र करतो. बुद्धीविषयी आईवडिलांचे मत काय आहे हे मुलांना फारसे दिसत नाही. अपयश आल्यावर आईवडील कसे वागतात हे मात्र दिसते, आणि मुले स्वतःची धारणा त्यावरून बनवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे ती आई आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालून बोलली आहे. विडीकामाशी ज्यांचा जवळून संबंध आहे त्यांनी याचे उत्तर द्यावे.

उत्तर २ : महापालिका हद्दीतील एक शिक्षक

माझे मत थोडे रोखठोक आहे, राग मानू नये. अडतीस मुले एका वर्गात बसवायची आणि मग त्यांच्या भावनांचे तक्ते लावायचे, यात मला विसंगती वाटते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे असेही लिहिले आहे, आणि कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणजे मनःस्वास्थ्य हा काही काल आलेला विषय नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला डुलक्या घ्यायचा. वर्षभर मी त्याला आळशी समजत होतो. एकदा घरी गेलो तेव्हा कळले की भिंतीला लागून मागाचा कारखाना आहे आणि रात्रपाळीला त्याची खटखट पहाटेपर्यंत चालू असते. अशा मुलाला मनोवृत्ती बदलायला सांगण्यापेक्षा मधल्या सुट्टीत अर्धा तास झोपू देणे बरे, आणि मी तेच केले. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या वर्गात सकाळच्या शाळेतसुद्धा दहानंतर मुलांचे लक्ष लागत नाही. त्या वेळी अवघड गणित घेऊच नये. चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवण्यापूर्वी मूल खाऊन आले आहे का, एवढे विचारले तरी निम्मे काम होते. खिचडी शिजेपर्यंत उपाशी असलेली मुले प्रत्येक वर्गात असतात, फक्त ती आपणहून सांगत नाहीत.

उत्तर ३ : निवृत्त प्राथमिक शिक्षिका, साखर पेठ

बाई, मी स्वतः तेलुगू घरातली. वडील मिलमध्ये होते आणि आई विड्या वळायची. पुढे एकतीस वर्षे मी मराठी शाळेत शिकवले. त्यामुळे तुमचा वर्ग मला न पाहताही दिसतो आहे. जरा विस्ताराने लिहिते.

आधी गणिताचे. तुमच्या वर्गात ‘सत्तावन्न’ ऐकून ७५ लिहिणारी मुले आहेत का, ते पाहा. असणारच. मराठीत ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. तेलुगूत आम्ही ‘याभै एडु’ म्हणतो, म्हणजे पन्नास आधी आणि सात नंतर. कन्नडमध्येही ‘ऐवत्तेळु’, तोच क्रम. घरी संख्या ज्या क्रमाने ऐकली त्या क्रमाने लिहायची सवय झालेले मूल मराठी शब्द ऐकले की आधी ऐकलेला अंक आधी लिहिते. एकोणसाठचे तर विचारूच नका, तिथे साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नास व नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावन्न’च्या जोडीला ‘पन्नास सात’ असे वाचन दिले गेले तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली हे आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना त्यावर पुन्हा पुन्हा खुलासा करावा लागला. मला मात्र तेव्हा आमच्या पेठेतली मुले आठवली आणि वाटले की कोणीतरी यांची अडचण ओळखली.

हे सांगण्याचे कारण असे की, ७५ लिहिणाऱ्या मुलाने मेहनत कमी केलेली नसते. त्याला ‘प्रयत्न कर, जमेल’ म्हणणे म्हणजे त्याच चुकीच्या वाटेवर आणखी जोरात पळायला सांगणे आहे. त्याला ‘तुझ्या घरच्या भाषेत पन्नास आधी येतात, मराठीत सात आधी ऐकू येतात, म्हणून आधी दोन घरे आख आणि सात ऐकले की ते उजवीकडच्या घरात ठेव’ असे सांगितले की चार दिवसांत फरक पडतो. आणि चूक आपल्या डोक्यात नसून दोन भाषांच्या मधल्या फटीत होती हे समजल्यावर त्या मुलाचा चेहरा जो उजळतो, तो कोणत्याही तक्त्याने उजळत नाही. वरच्या सरांनी ज्याला दुसरे वाक्य म्हटले आहे ते माझ्या मते हेच.

जाता जाता एक गंमत. आपण मठ्ठ मुलाला ‘ढ’ का म्हणतो, याची एक जुनी उपपत्ती शिक्षकांच्या खोलीत सांगितली जायची. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, पण ‘ढ’चे वळण जवळजवळ तसेच राहिले, म्हणून जो काही केल्या बदलत नाही तो ‘ढ’. खरेखोटे भाषेचे जाणकार सांगतील, पण एखादे मूल कधी बदलणारच नाही ही समजूत आपल्या शिवीतच कशी बसली आहे पाहा. उलट ‘हुशार’ हा फारसीतून आलेला शब्द मुळात जागा, सावध अशा अर्थाचा आहे. ‘हुशारीने वाच’ म्हणजे लक्ष देऊन वाच, असे आमचे मास्तर म्हणायचे. त्या अर्थाने तो शब्द वापरायला काहीच हरकत नाही.

आता त्या आईचे. ती बरोबर बोलली. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली असताना बिघडलेली विडी म्हणजे सरळ तोटा, आणि तिला ‘चूक चांगली’ म्हणणे हे तिच्या कष्टाची किंमत न कळल्याचे लक्षण आहे. मी तिच्या जागी असते तर मलाही राग आला असता. पण तिला एक प्रश्न विचारा : तुम्ही विडी वळायला शिकलात तेव्हा पहिल्याच दिवशी जमली होती का? ती हसेल. पाने किती वेळ भिजवायची, पत्र्याच्या मापाने कशी कापायची, तंबाखू किती भरायचा, दोरा कुठे बांधायचा, टोक कसे मुडपायचे, यातली एकेक गोष्ट तिला कोणीतरी हात धरून दाखवली असेल आणि शिकताना कितीतरी पाने वाया गेली असतील. कारखान्यात द्यायची विडी वेगळी आणि शिकताना वळलेली विडी वेगळी, हा भेद तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. शाळेतही तो आहेच. त्याला आपण कच्ची वही आणि पक्की वही म्हणतो. कच्ची वही ही शिकण्याची जागा, तिथे मजुरी कापली जात नाही, एवढेच तिला सांगायचे. (मुलींना विडीचे काम शिकवा असा अर्थ कृपया कोणी काढू नये. विड्या वळताना मांडीवर घ्यायच्या त्या सुपापासून सुटण्यासाठीच माझ्या आईने मला शाळेत घातले होते.)

अडचण अशी आहे की आपण शिक्षकच कच्ची वही कच्ची राहू देत नाही. तीही तपासतो, तिच्यावरही लाल शाईने फुल्या मारतो आणि वरून अक्षर नीट काढ म्हणतो. मी शेवटची दहा वर्षे कच्च्या वहीत फुली मारलीच नाही. चुकलेल्या ओळीच्या समासात पेन्सिलीने फक्त एक टिंब द्यायची. त्या ओळीत काहीतरी आहे, शोध, असा त्याचा अर्थ. मुलाने शोधून दुरुस्त केले की टिंबाभोवती गोल करायची. वर्षाच्या शेवटी गोल मोजायची मुलांना हौस असायची. खोडरबर मात्र मी कच्च्या वहीला बंद केले होते. चुकलेले एका रेघेने खोडायचे आणि खाली पुन्हा लिहायचे, म्हणजे आधी काय विचार केला होता तो दिसतो. तुमच्या त्या मुलीला हे पहिले आठ दिवस फार जड जाईल. तिला एकटीला सांगू नका, सगळ्या वर्गाचा नियम करा.

प्रश्नकर्त्या शिक्षिकेचे म्हणणे (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांची आभारी आहे. काय करून पाहिले ते लिहिते.

दुसऱ्या उत्तरातील सरांचे म्हणणे मला लागले, पण ते खरे होते. चेहऱ्यांचा तक्ता मी काढला नाही. मात्र त्याआधी हजेरी घेतानाच ‘आज काय खाऊन आलात’ असे विचारू लागले. पाच मुले काहीच न खाता येतात हे चार महिन्यांत मला माहीत नव्हते. त्यांच्यासाठी मी आता वर्गाच्या कपाटात शेंगदाणे आणि गूळ ठेवते.

कच्च्या वहीचे टिंब सुरू केले. सत्तावन्नचे ७५ लिहिणारी नऊ मुले निघाली, त्यांतली आठ तेलुगू किंवा कन्नड घरांतली. इतके दिवस मी त्यांच्या प्रगतीपुढे ‘लक्ष देत नाही’ असे लिहीत होते, हे आठवून वाईट वाटले.

एक गोष्ट मात्र ठरवून केलेली नव्हती. त्या नऊ मुलांना फरक समजावताना मी म्हटले की मला तेलुगूतले अंक शिकवा. फळ्यावर एक ते वीस लिहून मी म्हणत गेले आणि पंधराला ‘पदिहेडु’ म्हणाले. वर्ग खो खो हसला. तेवढ्यात ती खोडणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, पंधरा म्हणजे पदिहेनु. पदिहेडु सतरा.” मी एका रेघेने खोडले आणि खाली पुन्हा लिहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच चुकले, तेव्हा तिने मला युक्ती सांगितली की पाच म्हणजे ऐदु आणि सात म्हणजे एडु, सतरात एडु पूर्ण ऐकू येतो. गेल्या आठवड्यात तिने हात दोनदा वर केला; कागद अजूनही एकदा फाटला.

त्या आईशी बोलणे झाले. तिने विडी शिकतानाचे सांगितले आणि मग म्हणाली की मला कोणी ओरडले नव्हते, आजीने नुसते पान परत उलगडून दिले होते. मुलाची कच्ची वही ती आता बघते, पण टिंब दिसले की अजूनही त्याला विचारते, हे का चुकले. तेवढे चालेल असे मला वाटते.

आता एकच प्रश्न उरला आहे. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदींत हे सगळे कसे लिहावे? तयार नोंदींच्या पुस्तिकेत ‘प्रयत्नशील आहे’, ‘चिकाटी दाखवतो’ अशी वाक्ये असतात आणि ती कोणत्याही मुलाला लागू पडतात.

उत्तर ४ : अध्यापक विद्यालयातील माजी अधिव्याख्याता

ती पुस्तिका कपाटात ठेवावी. नोंदीत मुलाचा गुण लिहू नये, घडलेली गोष्ट लिहावी : काय येत नव्हते, कोणती रीत वापरली, आता काय येते, आणि पुढे काय राहिले. उदाहरणार्थ, ‘दोन अंकी संख्या ऐकून लिहिताना अंकांची अदलाबदल होत असे. घरे आखून लिहिण्याच्या सरावाने एकवीस ते अठ्ठ्याण्णव या संख्या आता बहुतेक वेळा अचूक लिहितो. एकोणतीस, एकोणसाठ यांसारख्या संख्यांत अजून मदत लागते.’ अशी नोंद वाचून चौथीच्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून कुठून सुरू करायचे ते कळेल. अडतीस मुलांच्या सगळ्या विषयांच्या नोंदी अशा लिहिणे शक्य नाही हे मी जाणतो. प्रत्येक मुलाची सत्रात एक नोंद तरी अशी असावी.

आणि त्या मुलीच्या नोंदीत ‘आत्मविश्वास वाढवावा’ असे कृपया लिहू नये. ‘शिक्षिकेला तेलुगू अंक शिकवले आणि लक्षात ठेवण्याची युक्ती स्वतः शोधून सांगितली’ असे लिहावे. ते प्रगतिपत्रक ती घरी वाचून दाखवणार आहे.